माळरानाच्या मुलुखातून वन्यजीव आणि संवर्धन जीवशास्त्राकडे कसे वळावे?

माळावरची (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली असून प्राणिशास्त्र हा विषय घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. पदवीनंतर वन्यजीव आणि संवर्धन जीवशास्त्र याच विषयात पुढचे शिक्षण घ्यायचे, असे मी मनाशी ठरवले आहे. परंतु आमच्या महाविद्यालयातून या वाटेने गेलेले कोणी नाही, आणि प्राध्यापकांना विचारले की सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा बी.एड. एवढेच पर्याय पुढे येतात.

आमच्या घरी मेंढरे आहेत. आजोबा आणि चुलते दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यामुळे लांडगा, खोकड, तरस आणि धाविक, माळटिटवी हे माळावरचे पक्षी, ही नावे मला पुस्तकाच्या आधी घरातच कळली. अलीकडे गावाशेजारच्या माळावर चर खणून झाडे लावली जात आहेत, काही भाग नांगराखाली गेला आहे, आणि लांडगा पूर्वीइतका दिसत नाही असे सगळेच म्हणतात. मात्र तो खरोखर कमी झाला आहे की केवळ इकडून तिकडे सरकला आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. मला याच प्रश्नाचा अभ्यास करायचा आहे.

हा विषय नीट शिकवणाऱ्या संस्था कोणत्या, तिथे प्रवेश कसा मिळतो, गणित आणि सांख्यिकी किती लागते, आणि शिक्षण संपल्यावर पोटापाण्याचे काय, याबद्दल या क्षेत्रातल्या जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास मोठी मदत होईल. वडिलांची मुख्य काळजी शेवटच्या प्रश्नाची आहे.

कॅमेरा ट्रॅप (प्रतिसाद)

तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची ओळ ‘कमी झाला आहे की सरकला आहे’ ही आहे, कारण पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दोन वर्षे नेमका हाच फरक सिद्ध कसा करायचा हे शिकण्यात जातात. मी या क्षेत्रात संशोधक म्हणून काम करतो, त्यामुळे आधी संस्थांबद्दल लिहितो आणि मग प्रत्यक्ष अभ्यासाबद्दल.

देशात या विषयाची दोन नावे सर्वप्रथम घेतली जातात. पहिले देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे. ही संस्था १९८२ साली स्थापन झाली आणि तिथला वन्यजीव विज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम १९८८ पासून चालू आहे. दुसरे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे, म्हणजे एनसीबीएसचे. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असून तिथला वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धन हा अभ्यासक्रम २००४ साली सुरू झाला. दोन्हीकडे जागा अतिशय कमी असतात आणि प्रवेश दर वर्षी होत नाहीत. आजवरचा प्रघात एक वर्षाआड प्रवेशाचा आहे. म्हणून तुमचे पदवीचे वर्ष आणि प्रवेशाचे वर्ष जुळते का, हे आताच जाहिरात पाहून तपासा. जुळत नसेल तर मधले वर्ष एखाद्या संशोधन प्रकल्पात काम करून सत्कारणी लावता येते. लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते, आणि मुलाखतीत पाठांतरापेक्षा तुम्ही स्वतः काय पाहिले आणि त्यावर काय विचार केला याचीच विचारपूस अधिक होते. एनसीबीएसचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे, आणि तिथून अभियंते, डॉक्टर आणि वाङ्मयाचे पदवीधरही या क्षेत्रात आलेले आहेत.

घराजवळ राहायचे असेल तर पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयात एम.एस्सी. करता येते, आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेतही वन्यजीव संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. गरवारेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची वनस्पती, कीटक, बेडूक यांची ओळख फार पक्की असते, हे मी सोबत काम करताना पाहिले आहे. राज्याबाहेर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीव विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, तमिळनाडूत मयिलाडुतुरैजवळच्या ए. व्ही. सी. महाविद्यालयात हा विषय बऱ्याच वर्षांपासून शिकवला जातो, आणि पाँडिचेरी विद्यापीठात परिस्थितिकीचा (इकॉलॉजीचा) चांगला अभ्यासक्रम आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून काम करते. तिचे पक्षिशास्त्रासारखे छोटे अभ्यासक्रम नोकरी किंवा शिक्षण सांभाळून करता येतात, आणि तुम्ही ते या वर्षीच करू शकाल.

आता अभ्यासाबद्दल. संवर्धन जीवशास्त्र ही विद्याशाखा तशी तरुण आहे. मायकेल सूले या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९८५ साली तिची रूपरेषा मांडली आणि तिला संकटकाळाचे शास्त्र म्हटले. माहिती अपुरी असतानाही निर्णय घ्यावा लागतो, असा त्याचा रोख होता. त्यामुळे या अभ्यासात प्राण्याच्या वर्तनाइतकेच महत्त्व नमुना कसा निवडायचा, मोजणी कशी करायची आणि निष्कर्षात चूक किती असू शकते या गोष्टींना असते. लोकसंख्या परिस्थितिकी (प्राण्यांची संख्या कशी व का बदलते याचा अभ्यास), सांख्यिकी, भौगोलिक माहिती प्रणाली, वन्यजीव कायदा, सामाजिक शास्त्रांच्या पद्धती असे विषय शिकवले जातात, आणि दुसऱ्या वर्षात काही महिने प्रत्यक्ष क्षेत्रात राहून प्रबंध लिहावा लागतो.

कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ, कारण बाहेरच्या माणसाला ते निव्वळ छायाचित्रणाचे काम वाटते. बिबट्या मोजायचा असेल तर एका ठिकाणी दोन कॅमेरे लागतात. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर ते झाडाला किंवा खुंटाला बांधतात, आणि एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जाऊ नये म्हणून एक थोडा पुढे सरकवतात. दोन कॅमेरे अशासाठी की बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवरच्या ठिपक्यांशी जुळत नाहीत, आणि एकाच बाजूचे चित्र मिळाले तर एकाच जनावराची दोन जनावरे धरली जाण्याचा धोका असतो. समोरचे गवत कापून घ्यावे लागते, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या गवताची शेकडो चित्रे निघतात आणि कार्ड भरून जाते. पहिल्या फेरीत ओळख पटलेल्यांपैकी किती जनावरे पुढच्या फेऱ्यांत पुन्हा दिसली, या प्रमाणावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. ही पद्धत ठिपके किंवा पट्टे असलेल्या प्राण्यांना लागू पडते. तुमच्या लांडग्याच्या अंगावर अशी ओळख नसते, म्हणून त्याच्यासाठी खुणा, ओरडणे किंवा विष्ठेतला डीएनए यांवर आधारलेल्या निराळ्या पद्धती वापराव्या लागतात.

महाराष्ट्रातले जे काम मला विद्यार्थ्यांना सर्वप्रथम वाचायला द्यावेसे वाटते ते अकोले तालुक्यातल्या बिबट्यांवरचे आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ते प्रसिद्ध केले. जिथे राखीव जंगल नाही, ऊस आणि वस्त्या आहेत, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, अशा मुलुखात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस असल्याचे त्यांनी कॅमेऱ्यांच्या साह्याने दाखवले. जुन्नर परिसरात २००१ नंतर पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले, आणि त्यामुळे माणसांवरचे हल्ले थांबण्याऐवजी वाढले, हेही त्यांच्याच आधीच्या अभ्यासातून पुढे आले होते. पिंजरा लावणे हा उपाय लोकांना आणि पुढाऱ्यांना तात्काळ समाधान देतो. तो चुकीच्या गृहीतकावर उभा आहे, हे आकडेवारीनेच दाखवता आले, आणि मला हा या विद्येचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

निवृत्त वनाधिकारी (प्रतिसाद)

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी त्यात वनखात्याच्या बाजूने भर घालतो, कारण वन्यजीवांसाठी काम करायचे म्हणजे वनाधिकारी व्हायचे असा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे आणि त्यातून अनेक मुलांची निराशा होते.

भारतीय वनसेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो आणि तिला प्राणिशास्त्राचा पदवीधर बसू शकतो. सहायक वनसंरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकारी ही पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. ही नोकरी स्थिर आणि मानाची आहे, आणि तुमच्या वडिलांच्या काळजीचे उत्तर त्यात आहे. परंतु परिक्षेत्र अधिकाऱ्याचा बहुतेक वेळ अतिक्रमण, वणवे, रोपवने, नुकसानभरपाईचे पंचनामे, न्यायालयीन प्रकरणे आणि कर्मचाऱ्यांच्या अडचणी यांत जातो. एखाद्या प्राण्याचा सलग अभ्यास करण्याची मुभा त्याला क्वचितच मिळते, आणि बदली झाली की हातातले कामही सुटते. म्हणून तुम्हाला निर्णय घ्यायला आवडते की प्रश्नाच्या मुळाशी जायला आवडते, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. दोन्ही प्रकारच्या माणसांची गरज आहे आणि दोघांची तयारी पूर्णपणे वेगळी आहे. ज्या अधिकाऱ्यांना विषयाची गोडी असते त्यांच्यासाठी देहरादूनलाच दहा महिन्यांचा प्रगत वन्यजीव व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम आहे, तेव्हा खात्यात गेल्यावर शिक्षणाचे दार बंद होते असे समजू नये.

संशोधनाकडे वळलात तर परवानगीची बाब पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरून अभ्यास करण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी कलम २८ खाली लागते, आणि कायद्याच्या अनुसूचीतला, म्हणजे संरक्षित यादीतला प्राणी पकडायचा किंवा त्याच्या गळ्यात पट्टा बसवायचा असेल तर कलम १२ खाली वेगळी. अर्जासोबत संस्थेचे पत्र, कामाचा आराखडा आणि पद्धतीचा तपशील द्यावा लागतो. विद्यार्थी प्रबंधाचे वेळापत्रक आखताना हा काळ हिशेबात धरत नाहीत आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा काम सुरू व्हायला हवे तेव्हा, कागदाची वाट पाहत बसतात.

माळरानाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. माळढोक या माळरानावरच्या पक्ष्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते, आणि त्यात मोठ्या प्रमाणावर खाजगी शेतजमीन व गावे होती. लोकांना आपल्याच जमिनीचे व्यवहार करणे अवघड झाले आणि पक्ष्याविषयी राग साचत गेला. अखेर २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणण्यात आले. तोवर याच अभयारण्यातल्या नान्नजचा माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता, आणि आज या पक्ष्याची बहुतांश संख्या राजस्थानात आहे. माळढोकाची मादी सहसा वर्षाला एकच अंडे घालते. इतक्या मंद गतीने वाढणाऱ्या पक्ष्याला वीजवाहिन्यांची धडक, बागायतीखाली जाणारा माळ आणि स्थानिकांचा विरोध हे तिन्ही एकाच वेळी सोसवले नाहीत. अधिसूचना काढली की संरक्षण झाले, अशी आमच्या पिढीची ठाम समजूत होती. माळ कोणाचा, त्यावर कोण चारतो, कोणाचे पोट त्यावर आहे, याचा अभ्यास त्या काळी कोणत्याच वनशिक्षणात नव्हता. तुम्ही मेंढपाळ घरातून येता. हे ज्ञान तुम्हाला आयते मिळालेले आहे आणि प्रवेशाच्या अर्जात ते ठळकपणे लिहायला संकोच करू नका.

गुरांचा डॉक्टर (प्रतिसाद)

थोडक्यात लिहितो. या क्षेत्राकडे येणारा रस्ता केवळ एम.एस्सी.तून जातो असे समजू नये. गिधाडांचे प्रकरण याचा पुरावा आहे. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९० च्या दशकापासून काही वर्षांतच ९९ टक्क्यांहून अधिक घटली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात घरट्यांची नियमित नोंद ठेवणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञांना ही घट प्रथम दिसली, कारण त्यांच्याजवळ आधीच्या वर्षांच्या नोंदी होत्या. कारण मात्र शवविच्छेदनातून आणि रासायनिक तपासणीतून सापडले. गिधाडांच्या मूत्रपिंडांवर आणि आतड्यांवर युरिक आम्लाचे पांढरे थर जमलेले होते, आणि त्याचा संबंध गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाशी असल्याचे २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासाने सिद्ध झाले. औषध दिल्यावर लगेच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत असे. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय सुचवला गेला.

पक्षी मोजणारा, शवविच्छेदन करणारा, रसायन तपासणारा आणि औषध नियंत्रणाचे नियम जाणणारा, यांपैकी एक जरी नसता तरी साखळी तुटली असती. गावात गुरे-मेंढरांना कोणती औषधे दिली जातात, मेलेले जनावर पुरतात की उघड्यावर टाकतात, भटकी कुत्री किती आहेत आणि त्यांच्यात रेबीज किंवा डिस्टेंपर हे रोग आहेत का, या गोष्टी लांडग्याच्या अभ्यासातही थेट येतात, कारण कुत्र्यांचे रोग लांडग्याला होतात आणि दोघांचा संकरही होतो. म्हणून कुठेही प्रवेश घेतलात तरी वन्यजीव आरोग्याचा एखादा ऐच्छिक विषय जरूर घ्यावा. नागपूरला गोरेवाडा येथे आमच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या कामाची माहिती करून घेतल्यास उपयोग होईल.

माळावरची (पुन्हा प्रश्न)

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. माळढोकाच्या अभयारण्याची हकीकत घरी वाचून दाखवली तेव्हा आजोबा बराच वेळ बोलत होते, कारण त्या भागात कळप नेताना आलेल्या अडचणी त्यांना आठवतात.

दोन गोष्टी अजून विचारते. बारावीनंतर माझे गणित सुटले आहे, आणि सांख्यिकीची भीती वाटते. ती नेमकी कुठे लागते हे एखाद्या उदाहरणाने कोणी समजावून सांगेल का? आणि दुसरे, प्रवेश परीक्षेपर्यंतचे महिने माझ्या हातात आहेत. या काळात घरी राहून, कोणत्याही अभयारण्यात न शिरता, मला काही अभ्यास सुरू करता येईल का?

आकडेमोड (प्रतिसाद)

मी महाविद्यालयात सांख्यिकी शिकवते आणि परिस्थितिकीच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मदत करते. तुमच्याच लांडग्याचे उदाहरण घेऊ.

समजा, तुम्ही तालुक्यातले काही माळ निवडले आणि प्रत्येक माळावर लांडग्याचे ठसे किंवा विष्ठा शोधत तीन वेळा फिरलात. लांडगा त्या माळावर असूनही एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे असे धरू, म्हणजे न सापडण्याची शक्यता ७० टक्के झाली. तिन्ही फेऱ्यांत एकदाही खूण न सापडण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ०.३४ येते. याचा अर्थ असा की लांडगा जिथे खरोखर आहे अशा माळांपैकी साधारण एक तृतीयांश माळ तुमच्या वहीत ‘लांडगा नाही’ म्हणून नोंदले जातील. आता पुढच्या वर्षी पाऊस उशिरा थांबला, जमीन ओली राहिली आणि ठसे ठळक उमटले, तर खूण सापडण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाईल आणि चुकण्याचे प्रमाण साडेबारा टक्क्यांपर्यंत उतरेल. लांडगे तेवढेच असताना तुमच्या वहीत ते वाढलेले दिसतील. एकाच जागी अनेक फेऱ्या का मारायच्या, याचे कारण हेच आहे. कोणत्या फेरीत खूण मिळाली आणि कोणत्या फेरीत नाही, या क्रमावरूनच सापडण्याची शक्यता किती होती याचा अंदाज बांधता येतो आणि मग व्याप्तीचा, म्हणजे किती माळांवर लांडगा आहे याचा आकडा दुरुस्त करता येतो. या पद्धतीची मांडणी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर ती वापरली जाते.

यात गुणाकार आणि संभाव्यता एवढेच गणित होते, आणि ते तुम्हाला समजले असेल अशी माझी खात्री आहे. पुढचे गणित आर (R) नावाच्या मोफत संगणकीय भाषेत केले जाते, आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही प्रणालीही मोफत मिळते. बारावीचे कलन विसरले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. संभाव्यता, सरासरी व विचलन, समाश्रयण (रिग्रेशन) आणि गृहीतक-चाचणी एवढे मनापासून करा. देशातल्या वाघांच्या आकड्यांवर दर चार वर्षांनी वाद होतात, ते समजून घेण्यासाठीही हेच लागते. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचे २००५ साली उघड झाल्यावर ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी रीत मागे पडली, आणि २००६ पासून कॅमेरे व सांख्यिकी प्रारूपांवर (मॉडेलांवर) आधारित अंदाज सुरू झाले. तेव्हा १,४११ हा आकडा आला होता आणि २०२२ च्या अंदाजाची सरासरी ३,६८२ आहे. दरम्यान कॅमेरे, क्षेत्र आणि पद्धत या तिन्हींत बदल झाले, त्यामुळे या दोन आकड्यांतली सगळीच वाढ वाघांची आहे की थोडी आपल्या नजरेची, हा प्रश्न विचारता येणे म्हणजेच या विषयाचे शिक्षण मिळणे, असे मी विद्यार्थ्यांना सांगते.

कॅमेरा ट्रॅप (प्रतिसाद)

आधी उत्पन्नाचे लिहितो, कारण वडिलांना खरी परिस्थिती कळलेली बरी. एम.एस्सी.नंतर सहसा संशोधन प्रकल्पांवर कंत्राटी काम मिळते. त्याची मुदत अनुदानावर अवलंबून असते आणि मानधन माफक असते. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात आणि पीएच.डी.चा काळ बऱ्यापैकी निभावतो. त्यानंतर संशोधन संस्था, विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था आणि पर्यावरणीय आघात तपासणारे सल्लागार एवढी क्षेत्रे असतात. कायमच्या जागा थोड्या आहेत. मी स्वतः हे क्षेत्र निवडल्याचा मला आनंद आहे, पण घरी कर्ज असेल किंवा धाकट्या भावंडांचे शिक्षण तुमच्यावर असेल, तर पुण्यासारख्या कमी खर्चाच्या अभ्यासक्रमापासून सुरुवात करणे आणि सोबत वनसेवेची तयारी ठेवणे अधिक शहाणपणाचे होईल. याबाबतीत माझ्या काही सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे. एकाच गोष्टीवर लक्ष केंद्रित करावे असे ते सांगतात. मला मात्र दोन्ही तयारींतला अभ्यास बराचसा सामाईक वाटतो.

आता हातातल्या महिन्यांबद्दल. गायरान आणि खाजगी माळ अभयारण्यात येत नाही, तेव्हा तिथे चालत फिरून खुणांची नोंद करायला कलम २८ ची परवानगी लागत नाही. तरीही ग्रामपंचायतीला आणि तिथल्या वनरक्षकाला आधी सांगून ठेवा, आणि वनखात्याच्या ताब्यातल्या जमिनीवर विचारल्याशिवाय जाऊ नका. विष्ठा किंवा केस गोळा करू नका, गुहेजवळ जाऊ नका आणि पिल्ले दिसली तर ती जागा कोणालाही सांगू नका, समाजमाध्यमांवर तर मुळीच नाही. मुलींनी एकटीने फिरावे का असा प्रश्न नेहमी येतो. आमच्याकडे मुलगा असो वा मुलगी, क्षेत्रात एकट्याने जाऊ नये असाच नियम आहे. घरातले किंवा मेंढरांच्या वाड्यावरचे कोणी सोबत घ्या.

तालुक्याच्या नकाशावर सारख्या आकाराचे चौकोन आखा आणि त्यांतले काही चिठ्ठ्या टाकून निवडा. लांडगा दिसतो म्हणून सांगितलेल्या जागाच निवडल्या तर उत्तर आधीच ठरून जाईल. प्रत्येक चौकोनात ठरावीक अंतर चाला, अनेकदा चाला, आणि खूण सापडली नाही तरी ती फेरी त्याच काळजीने लिहून ठेवा, कारण वर सांगितलेल्या हिशेबाला रिकाम्या फेऱ्याही तितक्याच लागतात. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ छायाचित्र घ्या. कुत्र्याचा आणि लांडग्याचा ठसा एकमेकांशी इतका मिळताजुळता असतो की एकट्या ठशावर विसंबू नये. चालीची रेषा सरळ जाते का आणि जवळ केस व हाडांचे तुकडे असलेली विष्ठा आहे का, ते पाहून मगच खात्रीचा, संशयाचा किंवा कुत्र्याचा असा शेरा द्या. चौकोनात गवत किती, नांगरलेले किती, नवी झाडे लावलेली किती आणि मेंढरांचा वाडा किती दूर, याचीही प्रत्येक वेळी नोंद ठेवा. आपल्या शासकीय नोंदींत माळरान पडीक म्हणून धरले जाते आणि त्यावर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली जातात. गवताळ प्रदेशातल्या प्राण्यांचे त्यामुळे काय होते, याची गावपातळीवरची आकडेवारी फारच थोडी आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात लांडगे सुमारे ३,१०० आहेत, म्हणजे वाघांहूनही बहुधा कमीच, आणि त्यांतले बरेचसे राखीव क्षेत्रांच्या बाहेर राहतात.

दुसरे काम मेंढपाळांशी बोलण्याचे. नुकसानीचा प्रश्न सुरुवातीलाच विचारू नका; त्यामुळे समोरच्याला भरपाईची आशा वाटते किंवा मनात संशय येतो, आणि दोन्हींमुळे उत्तर बिघडते. आधी कळप किती, वर्षभराची वाट कोणती, चारा कुठे तुटतो, राखणीला कुत्री किती, रात्री कळपाभोवती वाघूर (जाळे) लावतात का, हे विचारा. मग गेल्या वर्षभरात मेंढरे कशाकशाने गेली ते सगळे विचारा, म्हणजे रोग, उन्हाळा, चोरी, रस्त्यावरचे अपघात आणि लांडगा यांचे प्रमाण एकमेकांशेजारी मांडता येईल. आपल्या नात्यातल्या माणसांच्या मुलाखती वेगळ्या गटात ठेवा, कारण ते तुमच्याशी जसे बोलतील तसे परक्याशी बोलणार नाहीत. पहिल्या काही फेऱ्या झाल्या की नोंदीचा तक्ता इथे टाका. कोणते रकाने कमी आहेत ते मी आणि ‘आकडेमोड’ मिळून पाहू, आणि त्यावरून प्रवेशाच्या अर्जासोबतचे निवेदन कसे लिहायचे तेही ठरवू.